उतारा वाचला, उत्तर लिहिले. पण कळले का?

‘खालील उतारा वाचून त्याखालील प्रश्नांची उत्तरे लिहा’ ही सूचना वाचल्याखेरीज महाराष्ट्रात कोणाचेही शालेय शिक्षण पूर्ण झालेले नाही. विद्यार्थ्यांच्या लेखी हा हातचे गुण मिळवून देणारा प्रश्न, कारण उत्तर समोरच छापलेले असते आणि पाठांतराची गरज नसते. शिक्षकांच्या लेखीही तो झटपट तपासून होणारा. वास्तविक भाषेच्या उत्तरपत्रिकेत एवढा फसवा प्रश्न दुसरा नाही. उताऱ्यातले वाक्य उत्तरपत्रिकेत उतरले, एवढ्यावरून ते विद्यार्थ्याच्या डोक्यातही उतरले असे म्हणता येत नाही. उलट, उतारा नीट उमगलेल्या मुलाने तो मोडक्यातोडक्या वाक्यात सांगितला, तर त्याच्या पदरी अनेकदा अर्धाच गुण पडतो. विशेषतः उतारा कथेचा नसून माहितीचा असेल, तर ही अडचण अधिक वाढते.

माहितीपर मजकूर म्हणजे एखादी वस्तू, घटना, प्रक्रिया किंवा नियम समजावून सांगण्यासाठी लिहिलेला मजकूर. विज्ञानाच्या पुस्तकातला पाठ, इतिहासाचे प्रकरण, वर्तमानपत्रातील बातमी, औषधाच्या वेष्टनावरील सूचना, विजेचे देयक, लोकलचे वेळापत्रक हे सारे यात येते. गोष्ट वाचताना ‘पुढे काय झाले’ ही उत्सुकता वाचकाला ओढून नेते. माहितीच्या मजकुरात असा आधार नसतो. तेथे कारण आणि परिणाम, आधी आणि नंतर, साम्य आणि फरक, नियम आणि अपवाद यांचे धागे वाचकाला स्वतःच जुळवावे लागतात. पाचवी-सहावीनंतर मूल शाळेत जे वाचते त्यातला मोठा भाग याच प्रकारचा असतो. त्यामुळे अशा मजकुराचे आकलन कच्चे राहिले, तर त्याची झळ मराठीच्या तासापुरती मर्यादित न राहता सर्वच विषयांना लागते.

ठाकुर्लीचे एक उदाहरण

डोंबिवली आणि कल्याण यांच्या मधोमध असलेले ठाकुर्ली हे मध्य रेल्वेवरील छोटे स्थानक. येथील एखाद्या शाळेत सातवीच्या वर्गाला पुढील उतारा दिला आहे, असे समजू या.

‘१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी रेल्वे सुरू झाली. पुढील वर्षी, १ मे १८५४ रोजी, ती कल्याणपर्यंत पोहोचली. त्या काळी गाडीच्या इंजिनात कोळसा जाळून पाण्याची वाफ केली जाई आणि त्या वाफेवर गाडी धावत असे. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत विजेवर चालणारी पहिली गाडी सुरू झाली. पुढे विजेच्या गाड्यांचा विस्तार झाला, तशी रेल्वेला मोठ्या प्रमाणात विजेची गरज भासू लागली. त्यासाठी रेल्वेने ठाकुर्लीजवळ चोळे येथे स्वतःचे वीजकेंद्र उभारले. तेथे कोळसा जाळून वाफ तयार केली जाई आणि त्या वाफेच्या जोरावर वीज निर्माण होई. हे केंद्र पुढे बंद पडले.’

या आठ वाक्यांवर अनेक प्रश्न विचारता येतील. ‘कल्याणपर्यंत रेल्वे कोणत्या दिवशी पोहोचली?’ या प्रश्नाचे उत्तर बोट ठेवून दाखवता येते. ‘ठाण्याहून कल्याण गाठण्यास रेल्वेला साधारण किती काळ लागला?’ याचे उत्तर छापलेले नाही. दोन तारखांची वजाबाकी करावी लागते. ‘गाड्या विजेवर चालू लागल्यावर रेल्वेला कोळशाची गरज उरली नाही, हे विधान बरोबर की चूक, ते उताऱ्याच्या आधारे सांगा व कारण लिहा’ या प्रश्नासाठी उताऱ्याच्या दोन टोकांची माहिती एकत्र आणावी लागते. आणि ‘वीजकेंद्र का बंद पडले?’ असे विचारले, तर ‘उताऱ्यात ते सांगितलेले नाही’ हेच योग्य उत्तर ठरते. शाळांमध्ये हा चौथा प्रकार जवळपास विचारलाच जात नाही. मजकुरात काय नाही हे ओळखणे ही प्रौढ वाचकाची खूण असताना, प्रत्येक प्रश्नाचे उत्तर उताऱ्यात असलेच पाहिजे अशीच सवय मुलांना लागते. मग उत्तर सापडले नाही की जवळचे एखादे वाक्य उचलून लिहिले जाते.

मूल्यमापनाचा खरा कस लागतो तो कोळशाच्या प्रश्नावर. त्यासाठी दोन गुण आहेत असे धरून, नमुन्यादाखल रचलेली सहा उत्तरे पाहता येतील.

पहिले उत्तर : ‘रेल्वेने ठाकुर्लीजवळ चोळे येथे स्वतःचे वीजकेंद्र उभारले. तेथे कोळसा जाळून वाफ तयार केली जाई.’ दुसरे : ‘चूक.’ तिसरे : ‘चूक. गाडीत कोळसा टाकत नव्हते पण गाडीला लागणारी वीज करायला चोळ्याला कोळसाच जाळत होते.’ चौथे : ‘चुक. करन विज कोलशा पासुनच होत होती.’ पाचवे : ‘चूक, कारण माझे पणजोबा पॉवर हाऊसमध्ये होते, तिथे कोळशाचे ढीग असायचे.’ सहावे : ‘बरोबर. कारण विजेच्या गाडीला कोळसा लागत नाही, ती तारेवर चालते.’

तिसऱ्या उत्तराला पूर्ण गुण देण्याबाबत दुमत होणार नाही. बाकीच्या पाचांवर मात्र शिक्षकांच्या खोलीत चहा थंड होईपर्यंत वाद घालता येईल.

पहिल्या मुलाने शब्दशः उतरवले आहे. पण आठ वाक्यांतून नेमकी कामाची दोन वाक्ये निवडली आहेत. या निवडीला आकलनाचा काही अंश मानावा लागतो. तरीही त्याने विधान बरोबर की चूक हे सांगितलेले नाही आणि त्या वाक्यांचा प्रश्नाशी असलेला संबंधही जोडलेला नाही. ‘कोळसा’ हा शब्द प्रश्नात दिसला, उताऱ्यातही दिसला, म्हणून ती ओळ उचलली, असेही असू शकेल. तशी शंका आल्यास त्याच उताऱ्यावरच्या त्याच्या अन्य उत्तरांकडे पाहिले पाहिजे. प्रत्येक ठिकाणी त्याने प्रश्नातला शब्द शोधून ती ओळ उतरवली असेल, तर तो वाचत नाही, शोधतो आहे. दुसऱ्या मुलाचे ‘चूक’ बरोबर आहे; मात्र नाणे फेकूनही ते निम्म्या वेळा बरोबर आले असते. कारण मागितलेल्या प्रश्नात नुसत्या होकार-नकाराला गुण ठेवू नयेत, हे येथे ध्यानात येते.

चौथ्या उत्तरात लेखनाच्या चुका मोजायला बसले तर अर्ध्याहून अधिक शब्द लाल शाईने रंगतील. ‘कोळसा’चा ‘कोलसा’ हा तर कल्याण-डोंबिवली परिसरातील आगरी बोलीचा सहज उच्चार. तेथे ‘ळ’चा ‘ल’ आणि ‘ण’चा ‘न’ होतो. आशयाच्या दृष्टीने मात्र हे उत्तर तिसऱ्याच्या अगदी जवळ आहे. प्रश्न आकलनाचा असेल, तर ऱ्हस्व-दीर्घाचे गुण येथे कापणे म्हणजे एका मापाने दुसरीच वस्तू मोजणे. शुद्धलेखन मोजावे, जरूर मोजावे, पण त्यासाठी वेगळा प्रश्न आणि वेगळे गुण असावेत. दोन्हींची सरमिसळ झाली की पाचपैकी तीन गुण मिळालेल्या मुलाला वाचता येत नाही की लिहिता येत नाही, हे पालकांना कळत नाही आणि बहुधा शिक्षकांनाही कळत नाही.

पाचवे उत्तर सर्वांत अवघड. ते खरे आहे, जिवंत आहे आणि प्रश्नाशी संबंधितही आहे. पण ते उताऱ्यातून आलेले नाही. रेल्वेच्या वसाहतीत वाढलेल्या मुलाला हा उतारा न वाचताही हे उत्तर देता आले असते. ‘उताऱ्याच्या आधारे’ ही अट प्रश्नात असल्याने काटेकोरपणे पाहिल्यास येथे एकापेक्षा अधिक गुण देता येणार नाही. ती अट नसती, तर पूर्ण गुण नाकारण्याचा अधिकार परीक्षकाला उरला नसता. प्रश्नाच्या शब्दरचनेतील दोन शब्द गुणदान कसे बदलतात याचे हे उदाहरण होय. सहावा मुलगा याच्या उलट टोकाला आहे. त्याचा तर्क स्वतंत्रपणे सुसंगत आहे, निरीक्षणही बरोबर आहे. रोज लोकल पाहणाऱ्या मुलाला ती तारेवर चालताना दिसते. पण पूर्वज्ञान इतके प्रबळ ठरले की उताऱ्याचा शेवट त्याने वाचूनही वाचला नाही. त्याला शून्य गुण द्यावे लागतील. मात्र हे शून्य आणि कोरे सोडलेल्या उत्तराचे शून्य एकच नव्हे.

शतकापूर्वीचे निरीक्षण

मुलांच्या चुकीच्या उत्तरांकडे अशा रीतीने पाहण्याची परंपरा शंभर वर्षांहून जुनी आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९१७ मध्ये ‘वाचन म्हणजे तर्क’ अशा आशयाचा एक निबंध प्रसिद्ध केला. फ्रँकलिन या गावी कोणत्या वयाच्या मुलांना शाळेत हजर राहणे सक्तीचे आहे आणि कोणत्या कारणांनी सूट मिळते, हे सांगणारा एक नियमवजा परिच्छेद त्यांनी शाळकरी मुलांपुढे ठेवला. परिच्छेदाचा मुख्य विषय कोणता, असे विचारल्यावर अनेक मुलांनी केवळ गावाचे नाव लिहिले. कोणी पहिल्या अक्षराबद्दल लिहिले, तर कोणी परिच्छेद वाक्यांचा बनलेला असल्याचे. थॉर्नडाइक यांचा निष्कर्ष असा की, वाचताना प्रत्येक शब्दाला योग्य तेवढेच वजन द्यावे लागते. एखादा शब्द मनात अवाजवी मोठा झाला, की बाकीचा अर्थ कोलमडतो. वरच्या उदाहरणातील ‘विजेवर चालणारी’ या शब्दांनी सहाव्या मुलाच्या मनात नेमके तेच केले.

पुढे तून व्हान डाइक आणि वॉल्टर किंच यांनी १९८३ च्या ग्रंथात याला अधिक नेटके रूप दिले. वाचकाच्या मनात मजकुराचे दोन थर तयार होतात, असे ते मांडतात. एक थर मजकुराने जे सांगितले त्याचा आणि दुसरा, त्यावरून उभ्या राहिलेल्या परिस्थितीच्या चित्राचा. पहिल्या थराची उत्तरे उताऱ्यातून उचलता येतात. दुसरा थर तयार होण्यासाठी वाचकाला स्वतःजवळचे ज्ञान ओतावे लागते. म्हणून पूर्वज्ञान हा आकलनातील अडथळाही असतो आणि आधारही. डॉना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी १९८८ मध्ये बेसबॉलवरील मजकूर विद्यार्थ्यांना वाचायला दिला, तेव्हा एरवी कच्चे वाचक समजले गेलेले, पण खेळाची जाण असलेले विद्यार्थी हे खेळाची माहिती नसलेल्या चांगल्या वाचकांपेक्षा सरस ठरले. आपल्याकडे क्रिकेटवरचा उतारा दिला तर निकाल कसा लागेल, याची कल्पना कोणीही करू शकेल. ठाकुर्लीच्या वीजकेंद्राचा उतारा गडचिरोलीच्या मुलांना आणि भातलावणीचा उतारा डोंबिवलीच्या गृहसंकुलातील मुलांना सारखाच सोपा असणार नाही, याचे भान प्रश्नपत्रिका काढणाऱ्याने ठेवावयास हवे. एका उताऱ्यावरून मुलाच्या वाचनक्षमतेचा निवाडा करू नये, तो याच कारणाने.

दहावीची कृतिपत्रिका

स्वातंत्र्योत्तर काळात भारतातील परीक्षा-सुधारणेला मोठी चालना मिळाली ती बेंजामिन ब्लूम यांच्यामुळे. शैक्षणिक उद्दिष्टांची उतरंड मांडणारा त्यांचा ग्रंथ १९५६ मध्ये आला आणि त्याच दशकाच्या अखेरीस ते माध्यमिक शिक्षणातील मूल्यमापनाविषयी मार्गदर्शन करण्यासाठी भारतात आले. मराठी शिक्षकांच्या पिढ्यांनी ‘ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य’ अशा रकान्यांचा जो संविधान तक्ता डी.एड., बी.एड.च्या काळात तयार केला, त्याचे मूळ तेथे आहे. तक्ता आला, तो भरलाही जाऊ लागला. परंतु आकलनाच्या रकान्यात बसवलेला प्रश्न खरोखर आकलन मोजतो का, हे तपासण्याचा प्रघात रुजला नाही.

महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाने दहावीच्या भाषा विषयांसाठी नव्या अभ्यासक्रमावर आधारित कृतिपत्रिका मार्च २०१९ च्या परीक्षेपासून आणली. ठोकळेबाज प्रश्नांऐवजी चौकटी पूर्ण करणे, ओघतक्ता भरणे, कारणे शोधणे अशा ‘आकलन कृती’ आणि विद्यार्थ्याचे विचार मागणारी ‘स्वमत अभिव्यक्ती’ असे तिचे स्वरूप आहे. त्या वर्षी अंतर्गत २० गुणही काढून टाकण्यात आले होते. दहावीचा निकाल ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर घसरला आणि त्यावरून मोठी चर्चा झाली. अंतर्गत गुण परत आले तेव्हा, म्हणजे २०२० मध्ये, तो ९५.३० टक्के लागला. या गदारोळात कृतिपत्रिकेने आकलन मोजण्यात काय साधले, हा प्रश्न मागे पडला.

मराठी कुमारभारतीच्या ८० गुणांच्या आराखड्यात गद्य विभागाला १८ गुण आहेत. त्यांपैकी १४ गुण पाठ्यपुस्तकातील, म्हणजे पठित उताऱ्यांना आणि अवघे ४ गुण अपठित उताऱ्याला. पठित उतारा वर्गात शिकवलेला असतो. त्यावरच्या कृती मार्गदर्शिकांत आणि अपेक्षित प्रश्नसंचांत सोडवून दिलेल्या असतात. तेथे मिळालेले गुण वाचनाचे की स्मरणाचे, हे सांगणे कठीण असते. पूर्वी न पाहिलेला मजकूर समोर आल्यावर विद्यार्थी काय करतो, हे केवळ त्या चार गुणांत दिसते. उपयोजित लेखनात पत्रलेखनाला पर्याय म्हणून सहा गुणांचे सारांशलेखनही आहे. अपठित उताऱ्याचा एकतृतीयांश सारांश स्वतःच्या शब्दांत लिहावयाचा असतो. आकलनाची याहून चांगली लेखी परीक्षा नाही. मुख्य काय, गौण काय, उदाहरण कोणते आणि मुद्दा कोणता, हे कळल्याखेरीज सारांश होतच नाही. पण पत्राचा साचा घोकता येतो आणि सारांशाचा येत नाही. असा पर्याय समोर ठेवल्यावर शिकवण्या कोणत्या बाजूला झुकतील हे उघड आहे.

चौकटींबद्दलही थोडे सांगावयास हवे. ‘वीजकेंद्राचे ठिकाण’ अशी चौकट भरताना मुलाला एक शब्द लिहावा लागतो. तपासणी जलद होते, परीक्षकांत मतभेद राहत नाहीत. ही सोय मोलाचीच. मात्र कोळशाच्या प्रश्नावर सहा मुलांनी जे सहा प्रकारचे विचार दाखवले, ते चौकटीत मावत नाहीत.

मोठ्या चाचण्या आणि त्यांच्या मर्यादा

प्रथम संस्थेशी निगडित ‘असर’ पाहणीने २००५ पासून ग्रामीण भागातील मुलांचे वाचन देशापुढे आणले. तिचे साधन म्हणजे अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. मूल ते मोठ्याने वाचते आणि पाहणी करणारा ऐकतो. पायाभूत वाचन येते का, एवढेच ही पाहणी विचारते आणि तिचा तसा दावाही आहे. केंद्र सरकारच्या ‘निपुण भारत’ अभियानातही, जे ५ जुलै २०२१ रोजी सुरू झाले, तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द अर्थासह वाचावेत असे लक्ष्य आहे. राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण बहुपर्यायी प्रश्नांचे होते. या साऱ्यांत मुलाने आपल्या शब्दांत काही लिहिण्याचा प्रसंग येत नाही. लाखो उत्तरपत्रिका तपासण्याचा व्याप पाहता त्यात नवल नाही.

चौथीच्या वाचनाची आंतरराष्ट्रीय चाचणी ‘पर्ल्स’ २००१ पासून दर पाच वर्षांनी होते. तिच्यात निम्मा मजकूर साहित्यिक आणि निम्मा माहितीपर असतो. प्रश्न चार प्रक्रियांत वाटलेले असतात : स्पष्ट दिलेली माहिती शोधणे २० टक्के, सरळ अनुमान ३० टक्के, कल्पनांचा अर्थ लावून त्या जोडणे ३० टक्के आणि मजकुराचे मूल्यमापन २० टक्के. लेखी उत्तरांना एक, दोन वा तीन गुण असतात आणि प्रत्येक गुणासाठी काय दिसले पाहिजे, हे प्रत्यक्ष मुलांच्या उत्तरांसह आधी लिहून ठेवलेले असते. भारत या चाचणीत नाही. पंधरा वर्षांच्या मुलांसाठीच्या ‘पिसा’ चाचणीत हिमाचल प्रदेश आणि तमिळनाडू ही दोन राज्ये २००९ च्या फेरीच्या विस्तारित भागात उतरली आणि सुमारे ७४ सहभागींच्या यादीत तळाशी राहिली. त्यानंतर २०१२ पासून २०२२ पर्यंतच्या एकाही फेरीत भारत नव्हता. प्रश्न आपल्या मुलांच्या परिसराशी जुळणारे नव्हते, हा आक्षेप तेव्हा घेण्यात आला. तो अगदी निराधार नाही, हे बेसबॉलच्या प्रयोगावरून दिसते. परंतु वेळापत्रक, तक्ता, सूचनाफलक असा तुटक मजकूर वाचून त्यावर लिहिण्याची सवय आपल्या मुलांना शाळेत लावली जात नाही, ही गोष्ट त्या आक्षेपाने झाकली जात नाही. ज्या ठाकुर्लीच्या मुलाला आपल्या स्थानकावर कोणती गाडी थांबेल हे इंडिकेटरवरून क्षणात कळते, त्याच मुलाला परीक्षेत वेळापत्रकाचा तक्ता कधी दिलेला नसतो.

एकच उत्तर, दोन परीक्षक

लेखी उत्तरांवरचा मुख्य आक्षेप गुणदानातील लहरीपणाचा. १९१२ मध्ये डॅनियल स्टार्च आणि एडवर्ड इलियट यांनी इंग्रजीच्या त्याच उत्तरपत्रिकेच्या प्रती अमेरिकेतील शंभराहून अधिक शिक्षकांकडून तपासून घेतल्या. कोणी ६४ गुण दिले, तर कोणी ९८. फिलिप हार्टोग यांनी सहकाऱ्यासह १९३५ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग तर आणखी अस्वस्थ करणारा आहे. इतिहासाच्या १५ उत्तरपत्रिका त्याच परीक्षकांना वर्षा-दीड वर्षाने पुन्हा दिल्या असता, २१० निर्णयांपैकी ९२ वेळा त्यांनी स्वतःचाच निकाल बदलला. हे हार्टोग म्हणजे ढाका विद्यापीठाचे पहिले कुलगुरू आणि भारतातील शिक्षणावर १९२९ मध्ये अहवाल देणाऱ्या समितीचे अध्यक्ष.

मंडळाच्या परीक्षेत परीक्षक, नियामक आणि मुख्य नियामक अशी उतरंड असते. निकालानंतर छायाप्रत, गुणपडताळणी, पुनर्मूल्यांकन यांची सोय असते. शाळेतल्या घटक चाचणीला असे कोणतेच कवच नसते. तेथे शिक्षकच प्रश्न काढतो, तोच तपासतो आणि बहुधा रात्रीच्या जेवणानंतर तपासतो. पहिल्या दहा उत्तरपत्रिकांतील कठोरपणा चाळिसाव्या उत्तरपत्रिकेपर्यंत टिकत नाही. कधी उलटही होते.

यावर खर्चाचा उपाय लागत नाही. सर्व उत्तरपत्रिकांतील एकच प्रश्न आधी सलग तपासावा आणि मगच पुढचा घ्यावा. त्यामुळे हुशार मुलाच्या पहिल्या सुंदर उत्तराची छाया त्याच्या तिसऱ्या पोकळ उत्तरावर पडत नाही. शक्य असल्यास नावाचे पान दुमडून ठेवावे. तपासणीला बसण्यापूर्वी दहा-बारा उत्तरपत्रिका नुसत्या वाचाव्यात आणि त्यांतील खऱ्या उत्तरांवरून गुणदानाची योजना ठरवावी. घरी बसून कल्पनेने लिहिलेल्या ‘आदर्श उत्तरा’त पाचव्या मुलाचे पणजोबा कधीच येत नाहीत. कोळशाच्या प्रश्नापुरती योजना अशी असू शकेल : विधान चूक ठरवून वीज कोळशापासून होत होती हा दुवा कोणत्याही शब्दांत सांगितला, तर दोन गुण, योग्य वाक्य निवडले पण दुवा जोडला नाही, किंवा निष्कर्ष योग्य पण आधार उताऱ्याबाहेरचा असेल, तर एक, कारणाविना निष्कर्ष किंवा उताऱ्याशी विसंगत कारण, तर शून्य. या मापाने चौथ्या मुलाला दोन गुण मिळतात. काही शिक्षकांना ते रुचणार नाही; पण योजना आधी ठरली असेल, तर नाराजी आधीच व्यक्त होते आणि मुलाच्या गुणांतून वसूल होत नाही.

दोन शिक्षकांनी वीस उत्तरे एकमेकांचे गुण न पाहता तपासली आणि पंधरा ठिकाणी जुळले, तर ७५ टक्के एकमत झाले असे वाटते. येथे थोडे सावध राहणे बरे. दोघांनीही वीसपैकी दहा उत्तरे बरोबर आणि दहा चूक ठरवली असतील, तर उत्तरे न वाचता अंदाजाने गुण दिले असते तरीही साधारण दहा ठिकाणी ते जुळलेच असते. म्हणजे योगायोगापलीकडे मिळवण्याजोगे एकमत दहा ठिकाणांचे होते, त्यातले प्रत्यक्षात पाचच मिळाले. जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये सुचवलेला ‘कप्पा’ निर्देशांक हेच मोजतो. या उदाहरणात तो ०.५ येतो. जी पाच उत्तरे जुळली नाहीत तीच अधिक मोलाची. तेथे एक तर प्रश्न मोघम असतो किंवा गुणदान योजना अपुरी, आणि क्वचित एखाद्या मुलाने दोघांनाही न सुचलेले काही लिहिलेले असते.

नोंदवहीतील एक ओळ

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने महाराष्ट्रात पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. आकारिक आणि संकलित असे त्याचे दोन भाग. गुणांसोबत श्रेणी आणि प्रत्येक मुलाविषयी वर्णनात्मक नोंद त्यात अपेक्षित आहे. कल्पना उत्तम होती. प्रत्यक्षात नोंदींचेही तयार संच बाजारात आले आणि ‘वाचन चांगले’, ‘उताऱ्यावरील प्रश्न सोडवतो’, ‘प्रगती समाधानकारक’ अशा ओळी वर्गामागून वर्ग उतरू लागल्या. मुलांनी उताऱ्यातली वाक्ये उतरवू नयेत असे म्हणताना हेही आठवावे.

त्या सहा मुलांविषयीच्या नोंदी मात्र सहा वेगवेगळ्या होतील. पहिल्यासाठी ‘योग्य वाक्य शोधतो, प्रश्नाशी जोडून सांगण्याचा सराव हवा’. दुसऱ्याला कागदाऐवजी तोंडी विचारून पाहावे लागेल. त्याला कारण ठाऊक नाही की लिहिण्याचा कंटाळा आहे, ते दोन मिनिटांत समजेल. चौथ्यासाठी ‘आकलन उत्तम, लेखननियमांचा स्वतंत्र सराव’. सहाव्याला उतारा पुन्हा वाचायला देऊन ‘तारेत वीज कोठून येते, ते कोणत्या वाक्यात सांगितले आहे?’ एवढेच विचारावे. आणि पाचव्याला, पणजोबांनी पाहिलेले कोळशाचे ढीग उताऱ्यातील कोणत्या वाक्याशी जुळतात, ते वाक्य अधोरेखित करायला सांगावे.